कुलमुखत्यारपत्र नको, एका कामाची चिठ्ठी

शेतजमिनीचे व्यवहार ज्यांनी केले आहेत, त्यांना मुखत्यारपत्र म्हणजे काय हे सांगण्याची गरज नाही. परगावी नोकरीला असलेला भाऊ आपल्या नावाने व्यवहार करण्याचा अधिकार घरच्या माणसाला लिहून देतो, ते मुखत्यारपत्र. त्यात दोन प्रकार असतात. अमुक गटातल्या अमुक जमिनीच्या कागदावर सही करणे एवढ्याच कामापुरते दिलेले, ते खास मुखत्यारपत्र. दुसरे कुलमुखत्यारपत्र. ते ज्याच्या हाती पडले, तो आपल्या नावाने जमीन विकील, गहाण टाकील, बँकेतून पैसेही काढील. म्हणून शहाणा माणूस कुलमुखत्यारपत्रावर सही करण्यापूर्वी दहादा विचार करतो.

आपल्या खिशातल्या फोनमध्ये आणि बँकेतल्या संगणकात जे प्रोग्राम चालतात, त्यांच्या पोटात मात्र अशी कुलमुखत्यारपत्रे अगदी अनोळखी हातांत रोज दिली जातात. ती कशी दिली जातात, त्यातून काय घडते, आणि संगणकशास्त्राने त्यावर कोणता उपाय शोधून ठेवला आहे, हे आज आपण पाहू.

प्रोग्राम म्हणजे संगणकाने काय काय करायचे, त्याच्या ओळीने लिहून ठेवलेल्या आज्ञा. मराठीत त्याला आज्ञावली असा शब्द आहे. बैलगाडी जशी एका हाताने होत नाही, तसा आजचा प्रोग्रामही एका हाताने होत नाही. गाडीचे चाक सुताराने करावे, त्यावर लोखंडी धाव लोहाराने चढवावी, कासरा बाजारातून आणावा, तेव्हा गाडी रस्त्याला लागते. प्रोग्राम लिहिणारा माणूसही तारीख नीट छापणारा भाग एकाकडून घेतो, चित्र लहान करणारा भाग दुसऱ्याकडून घेतो. असे लाखो तयार भाग सार्वजनिक कोठारांत फुकट मिळतात. जावास्क्रिप्ट नावाची एक फार वापरातली भाषा आहे, तिच्या अशा कोठाराचे नाव एनपीएम. तिथून एक भाग आणला, की तो आपल्याबरोबर आणखी दहा भाग आणतो. ते दहा आणखी पाच-पन्नास. शेवटी गाडी कोणाकोणाच्या हातची आहे, हे गाडीवानालाही सांगता येत नाही.

ही गोष्ट चांगली आहे. माणसाने एकमेकांचे श्रम वापरावे, यातच प्रगती आहे. परंतु सुतार आणि संगणकाचा भाग यांत एक मोठा फरक आहे. सुताराने चाक दिले म्हणून तो आपल्या घरात राहायला येत नाही. संगणकातला आणलेला भाग मात्र घरात राहायला येतो, आणि येतो तो सगळ्या किल्ल्या घेऊन. एक घडलेले उदाहरण सांगतो.

एनपीएमच्या कोठारात ‘इव्हेंट-स्ट्रीम’ नावाचा एक भाग होता. माहितीचा ओघ तुकड्या-तुकड्याने पुढे सरकवायचा, एवढेच त्याचे काम. असंख्य प्रोग्रामांत तो बसवलेला होता. त्याच्या कर्त्याला त्यातून काही मिळत नव्हते, आणि स्वतःला त्याचा उपयोगही कित्येक वर्षांत राहिला नव्हता. २०१८ साली एका अनोळखी गृहस्थाने ‘मी ह्याची देखभाल करतो’ अशी तयारी दाखवली, आणि कर्त्याने ती जबाबदारी त्याला देऊन टाकली. नव्या माणसाने सप्टेंबरात त्या भागाला ‘फ्लॅटमॅप-स्ट्रीम’ नावाचा आणखी एक लहानसा भाग जोडला. पुढे त्या लहान भागात, सहज वाचता येणार नाहीत अशा रूपात, काही ओळी येऊन बसल्या. त्या ओळींचा डोळा ‘कोपे’ नावाच्या एका प्रोग्रामवर होता. बिटकॉइन हे संगणकी चलन ठेवण्याचे ते पाकीट. ज्या खात्यात १०० पेक्षा जास्त बिटकॉइन असतील, त्याच्या गुप्त किल्ल्या वाचायच्या आणि दूरच्या एका संगणकाकडे पाठवून द्यायच्या, असा तो बेत होता. नोव्हेंबरात एका प्रोग्रामरला पडद्यावर एक अनपेक्षित सूचना दिसली. तिचा माग काढता काढता हे बिंग फुटले.

आता अशा वेळी लोक दोन प्रश्न विचारतात. जुन्या कर्त्याने अनोळखी माणसावर विश्वास का ठेवला? आणि बाकीच्यांनी तपासून का घेतले नाही? दोन्ही प्रश्न रास्त आहेत, पण त्यांच्या उत्तरांनी फारसे साधत नाही. हजार भागांची ओळ न् ओळ तपासणे कोणालाही शक्य नाही. मला त्याहून मोलाचा वाटतो तो तिसराच प्रश्न. ज्या भागाचे काम माहितीचा ओघ पुढे सरकवण्याचे, त्याच्या हाती पाकिटाच्या किल्ल्या आणि बाहेर निरोप पाठवण्याची सोय मुळात होतीच कशाला?

ह्याचे उत्तर संगणकाच्या जुन्या रीतीत आहे. आपण एखादा प्रोग्राम सुरू केला, की संगणक त्याला आपले नाव लावतो. मग जे जे आपल्याला करता येते, ते ते सगळे त्याला करता येते. आपल्या फाईली वाचता येतात, पुसता येतात, बाहेरच्या जगाशी बोलता येते. दारावरचा पहारेकरी ‘तू कोणाचा?’ एवढेच विचारतो. ‘तुला कोणत्या कामाला पाठवलं आहे?’ हे विचारत नाही. प्रोग्रामच्या आतही तोच प्रकार. बहुतेक प्रचलित भाषांत कोणत्याही भागाने, कितीही खोल कोपऱ्यातून, ‘अमक्या नावाची फाईल उघड’ म्हटले की ती उघडते. अधिकार कोणी हातात दिलेला नसतो. तो वाऱ्यासारखा सगळीकडे भरून राहिलेला असतो. कुलमुखत्यारपत्र म्हणतात ते हेच, फरक इतकाच की त्यावर सही केल्याचे आपल्या ध्यानीही येत नाही.

कोणी म्हणेल, हा तर चोरीचा मामला झाला. चोराला आवरायला पहारा वाढवावा. पण ह्या रीतीत चोर नसतानाही घात होतो. नॉर्म हार्डी नावाच्या अमेरिकन तज्ज्ञाने १९८८ साली असा एक प्रसंग लिहून ठेवला आहे, आणि संगणकशास्त्राच्या वर्गांत तो आजही सांगितला जातो. टाइमशेअर नावाची एक कंपनी आपल्या मोठ्या संगणकावरचा वेळ गिऱ्हाइकांना भाड्याने देत असे. तिथे फोर्ट्रान भाषेतले प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणारा एक प्रोग्राम होता; त्याला आपण कारकून म्हणू. हा कारकून किती वापरला गेला याची नोंद ठेवण्यासाठी कंपनीने त्याला आपल्या खास कपाटात लिहिण्याची परवानगी दिलेली होती. त्याच कपाटात गिऱ्हाइकांच्या बिलांची फाईलही असे. कारकुनाची रीत अशी, की गिऱ्हाइकाने फाईलचे नाव सांगावे आणि तपासणीचा मजकूर त्याने त्या फाईलमध्ये लिहावा. एका गिऱ्हाइकाने नाव सांगितले ते नेमके बिलांच्या फाईलचे. कारकुनाने निमूटपणे तिथे लिहिले आणि कंपनीची बिले पुसली गेली.

इथे कारकून लबाड नव्हता. त्याने सांगितलेले काम सांगितल्याप्रमाणे केले. त्याच्या हाती दोन धन्यांची कामे होती, एक कंपनीचे आणि एक गिऱ्हाइकाचे. लिहिताना कोणाच्या अधिकाराने लिहितो आहे, हे सांगण्याची सोयच त्याच्याकडे नव्हती. हार्डीने त्याला गोंधळलेला मुनीम अशा अर्थाचे नाव दिले. दोष कशात होता? नाव एकाने दिले आणि अधिकार दुसऱ्याचा वापरला गेला. गिऱ्हाइकाकडे बिलांच्या फाईलचे नुसते नाव होते. तिला हात लावण्याचा हक्क त्याला कधीच नव्हता. नावाबरोबर हक्कही त्यानेच आणून द्यावा अशी रीत असती, तर तो अडला असता आणि बिले वाचली असती.

ही रीत बऱ्याच आधी सुचलेली होती. अमेरिकेतील एमआयटी ह्या संस्थेतले जॅक डेनिस आणि अर्ल व्हॅन हॉर्न यांनी १९६६ साली एक निबंध प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी एका कल्पनेला ‘कॅपॅबिलिटी’ असे नाव दिले. आपण तिला चिठ्ठी म्हणू. ह्या चिठ्ठीत दोन गोष्टी एकत्र असतात: कोणती वस्तू, आणि तिचे काय करण्याची मुभा. रेल्वे स्टेशनवर सामान ठेवल्यावर पावती मिळते ना, तशीच ही. पावती दाखवली की सामान मिळते; तुम्ही कोण, कुठले, हा प्रश्न नाही. पण पावती त्या एकाच सामानाची. शेजारची पेटी तिच्यावर मिळत नाही. चिठ्ठी दुसऱ्याला देता येते, पण घरी बसून तयार करता येत नाही. आणि ज्याच्याकडे चिठ्ठी नाही, त्याला ती वस्तू जणू जगात नाहीच.

आता ही चिठ्ठी प्रोग्रामच्या भाषेत कशी आणायची? गंमत अशी की बहुतेक नव्या भाषांत ती अर्धीअधिक आहेच. ह्या भाषांत प्रत्येक वस्तूपर्यंत, म्हणजे यादी असो, फाईल असो की बाहेरच्या जगाशी जोडणी असो, नेणारा एक धागा असतो. तो हातात असल्याशिवाय वस्तूला हात लावता येत नाही. हा धागा म्हणजेच चिठ्ठी. जेम्स मॉरिस यांनी १९७३ साली दाखवून दिले, की भाषेची घडणच नीट असेल, तर एका भागाच्या पोटातली गोष्ट दुसऱ्या भागापासून सुरक्षित राखता येते. मात्र त्यासाठी तीन पथ्ये पाळावी लागतात.

पहिले, धागा कोणाला आपल्या मनाने निर्माण करता येऊ नये. सी नावाच्या जुन्या भाषेत कोणताही आकडा घेऊन ‘हा पत्ता समज’ असे म्हणता येते. तिथे हे पथ्य मोडते. दुसरे, एका भागाच्या पोटात जे ठेवलेले आहे, ते त्याने दिल्याशिवाय बाहेरच्याला दिसू नये. तिसरे, आणि हेच सर्वांत अवघड, मागचे दार ठेवू नये. ‘अमुक नावाची फाईल उघड’ ही आज्ञा वाटेल त्या कोपऱ्यातून चालता कामा नये. फाईल हवी असेल, तर ज्याने कामाला बोलावले त्याने ती हातात दिली पाहिजे.

एवढे साधले, की कोणत्याही भागाकडे चिठ्ठी येण्याचे मार्ग मोजकेच उरतात. भाग घडवताना त्याला दिलेली चिठ्ठी, त्याने स्वतः निर्माण केलेल्या वस्तूची चिठ्ठी, किंवा आधीच ज्याच्याकडे ती आहे त्याने त्याला दिलेली चिठ्ठी. चौथा मार्ग नाही. मग कोणता भाग काय बिघडवू शकेल, हे त्याच्या हजार ओळी न वाचताही कळते. त्याच्या हातात काय काय दिले, एवढे पाहिले की पुरे.

शिक्षकबंधूंच्या आणि भगिनींच्या रोजच्या कामातले उदाहरण घेऊ. शाळेचा निकाल लावणारा प्रोग्राम आहे असे समजा. एक भाग गुण वाचतो, दुसरा टक्केवारी काढतो, तिसरा गुणपत्रक छापतो. जुन्या रीतीत तिघांनाही सगळे मोकळे: मुलांचे पत्ते, पालकांचे फोन, बाहेरचे जग. चिठ्ठीच्या रीतीत मुख्य भाग हेडमास्तरांसारखा वागतो. पहिल्याला गुणांची फाईल फक्त वाचण्यापुरती देतो. दुसऱ्याला फाईल देतच नाही. आकड्यांची यादी तेवढी देतो. तिसऱ्याला छपाईयंत्र देतो. टक्केवारी काढणारा भाग कोठारातून आणला आणि तो पक्का लबाड निघाला, तरी तो करून करून काय करील? टक्केवारी चुकीची काढील. ते वाईट खरेच, पण ते हिशेब पडताळून सापडते. पालकांचे फोन नंबर मात्र तो कोणाला विकू शकत नाही. त्याला ते कधी दिसलेच नाहीत.

चिठ्ठी लहानही करता येते आणि परतही घेता येते. शेजाऱ्याला आपल्या विहिरीचे पाणी द्यायचे असले, तर आपण त्याला पंपघराची किल्ली देत नाही. एक पाइप टाकून देतो आणि त्याचा व्हॉल्व्ह आपल्या बांधावर ठेवतो. त्याला पाणी मिळते, पण मोटारीला हात लागत नाही, आणि हंगाम संपला की आपण व्हॉल्व्ह बंद करतो. प्रोग्राममध्येही असेच करतात. खरी फाईल न देता मध्ये एक लहानसा मध्यस्थ बसवतात. तो ‘वाच’ म्हटले तर वाचून देतो, ‘लिही’ म्हटले तर नाही म्हणतो, आणि मालकाने कळ दाबली की काहीच देत नाही.

ही कल्पना नुसती कागदावर राहिली नाही. १९९७ साली मार्क मिलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘ई’ नावाची एक भाषा ह्याच पायावर रचली. पुढे जावास्क्रिप्टच्याच आत असा बंदिस्त वाडा उभारण्याचे काम मिलर आणि इतर मंडळींनी हाती घेतले. बिटकॉइनसारख्या चलनांच्या क्षेत्रातलेच दुसरे एक पाकीट म्हणजे मेटामास्क. त्याच्या कर्त्यांनी ‘लाव्हामोट’ नावाचे साधन केले. कोठारातून आणलेल्या प्रत्येक भागाला नेमून दिलेल्या गोष्टींपलीकडे काही मिळू द्यायचे नाही, हे त्याचे काम. २०१९ साली ‘वासी’ नावाची एक पद्धत पुढे आली. तिच्यात प्रोग्राम रिकाम्या हाताने सुरू होतो, आणि त्याला कोणते कपाट उघडे ठेवायचे ते सुरू करणारा ठरवतो.

मग ही रीत सगळीकडे का नाही, असे आपण विचाराल. पहिले कारण जुन्या घराचे. कोट्यवधी ओळी मोकळ्या अधिकाराच्या भरवशावर लिहिल्या गेल्या आहेत. भिंती पाडल्याशिवाय दारे बदलता येत नाहीत. दुसरे कारण कष्टाचे. प्रत्येक भागाला काय लागते त्याचा विचार करून ते हातोहात द्यायचे, हे ‘घे सगळं’ म्हणण्यापेक्षा नक्कीच जिकिरीचे आहे. जावा नावाच्या भाषेने दुसरा मार्ग धरून पाहिला. तिने प्रत्येक दारावर पहारेकरी बसवला: ‘तुला कोणी बोलावलं? त्याला कोणी बोलावलं?’ अशी साखळी तपासणारा. नियम लिहिणे इतके किचकट झाले की फारच थोड्यांनी तो वापरला. २०२१ साली त्याला निरोप देण्याचे ठरले आणि २०२५ साली तो कायमचा बंद झाला.

आणि चिठ्ठीलाही मर्यादा आहेत, त्या झाकून ठेवण्यात अर्थ नाही. आपणच जर एखाद्या भागाला गुप्त किल्ल्याही दिल्या आणि बाहेर बोलण्याची सोयही दिली, तर कोणतीही भाषा आपल्याला वाचवणार नाही. एखाद्या भागाने काम न संपवता गरगर फिरत बसून संगणकाचा वेळ खाल्ला, तर तेही चिठ्ठीने थांबत नाही. त्याला वेगळी तजवीज लागते.

तरीही मर्यादित अधिकाराचे मोल किती, हे २०२१ च्या डिसेंबरात साऱ्या जगाला दिसले. जावा भाषेत ‘लॉगफोरजे’ नावाचा एक भाग आहे. त्याचे काम रोजकीर्द लिहिण्याचे: कोण आले, काय झाले, ह्याची नोंद करणे. २०१३ पासून त्यात एक जादा सोय होती. नोंदीच्या मजकुरात विशिष्ट शब्द आले, की तो दुसऱ्या संगणकाकडे चौकशी करी. आणि तिथून आलेल्या आज्ञाही चालवल्या जात, असे आढळले. म्हणजे परक्या माणसाने नावाच्या रकान्यात चार अक्षरे लिहावी आणि कीर्द लिहिणाऱ्याने त्याला घरात घ्यावे, असा प्रकार झाला. जगभरच्या लोकांनी रात्री जागून दुरुस्त्या केल्या. त्या कीर्द लिहिणाऱ्याच्या हातात एका वहीची चिठ्ठी असती आणि बाहेरच्या दाराची नसती, तर ती चार अक्षरे वहीत निमूट लिहिली गेली असती, एवढेच. इव्हेंट-स्ट्रीममध्ये चोर होता, इथे भोळा नोकर होता. औषध दोघांनाही एकच.

ह्यातून आपल्यासारख्यांनी काय घ्यावे? फोन आपल्याला परवानगी विचारतो. अँड्रॉइड फोनांत २०१५ पासून हे काम करते वेळी विचारले जाते. ती परवानगी सगळ्या अ‍ॅपला मिळते, म्हणजे त्याच्या पोटात शिरलेल्या साऱ्या परक्या भागांनाही मिळते, हे ध्यानात असू द्यावे. टॉर्चच्या अ‍ॅपला आपल्या ओळखीच्या लोकांचे नंबर कशाला हवेत? नाही म्हणावे. ‘सगळे फोटो’ की ‘निवडलेले फोटो’ असे विचारले, तर निवडलेले म्हणावे. आपण बोटाने एक फोटो निवडतो, तेव्हा त्या निवडण्यातच त्या एका फोटोची चिठ्ठी देतो. बाकीचे फोटो आपलेच राहतात.

आणि शिक्षकांना एक विनंती. मुले आता शाळेतच प्रोग्राम लिहू लागली आहेत. जेरोम साल्ट्झर आणि मायकेल श्रोडर यांनी १९७५ साली एक तत्त्व मांडले, की कामाला लागेल तेवढाच अधिकार द्यावा, त्याहून तसूभर जास्त नको. मुलांना हे व्याख्येसारखे पाठ करायला लावू नका. त्यांनी एखादा भाग लिहिला, की ‘ह्याला काय काय दिलंस?’ असे विचारा, आणि त्यापाठोपाठ ‘हा फिरला, तर जास्तीत जास्त काय बिघडवील?’ असे विचारा. ज्या मुलाला दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देता आले, त्याने प्रोग्राम चांगला लिहिला असे खुशाल समजा.